निम्म्या किमतीतला वार्षिक पास

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज फिरू लागतो: ‘थीम पार्कचा फॅमिली ॲन्युअल पास, चौघांसाठी, निम्म्या किमतीत. आम्ही बेंगळुरूला शिफ्ट होतोय.’ खाली पासचा फोटो. हा फोटो खरा असू शकतो, कारण तो कुणाच्याही पासचा असू शकतो, आणि लोक भुलतात ते त्यालाच.

वार्षिक पास साधारणपणे व्यक्तीच्या नावावर निघतो. गेटवर फोटो किंवा ओळखपत्र जुळवतात. ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कात बोट स्कॅन होतं, आणि काही दिवस वापरून उरलेलं मल्टी-डे तिकीट विकणं फ्लोरिडात कायद्यानेच गुन्हा आहे. त्यामुळे ‘नाव बदलून देतो, आत आपला माणूस आहे’ हे ऐकलं की फोन ठेवून द्यावा.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी बुकिंगचे हजार-दोन हजार, मग ‘ट्रान्सफर फी’, मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. मग कुरकुर केली की ‘रिफंड’चा क्यूआर येतो. तो स्कॅन करून पिन टाकला की खात्यातून आणखी रक्कम जाते. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे माहीत असलेलेही घाईत फसतात. एक दिवसाच्या तिकिटांचा प्रकार वेगळा: एकच पीडीएफ अनेकांना विकतात. सकाळी जो आधी पोचतो तो आत, बाकीचे पोराबाळांसकट बाहेर.

खोट्या वेबसाइट जास्त बनेल असतात. लोगो, राइडचे फोटो, चॅट, सगळं जागच्या जागी. त्यांची एक जागा तपासण्यासारखी आहे, आणि ती फारसं कुणी बघत नाही: जीएसटी नंबर. त्यात 15 अक्षरं-आकडे असतात. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढचे दहा म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे अख्ख्या नंबरातलं सहावं, खातेदार कोण ते सांगतं: कंपनी असेल तर C, एकटा माणूस असेल तर P. पार्क चालवते कंपनी आणि पावतीवर सहाव्या जागी P, तर ती पावती पार्कची नाही. नंबर जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाकला की नोंदलेलं नाव दिसतं. यूपीआयने पैसे भरताना पिनच्या आधी जे नाव झळकतं तेही याच्याशी ताडून बघा. तिथे भलत्याच माणसाचं नाव आलं तर मागे फिरा.

मॉलमधला ‘लकी ड्रॉ’ यापेक्षा महागात पडतो. कूपन भरलं की दोन दिवसांत फोन: तुम्हाला फ्री पास लागलाय, नवरा-बायको दोघांनी हॉटेलवर या. तिथे दोन-अडीच तास हॉलिडे मेंबरशिप गळी उतरवतात आणि ‘ऑफर आजच’ म्हणत कार्ड स्वाइप करून घेतात. पास मिळालाच तर दिवाळी, नाताळ, शनिवार-रविवार वगळून! करारात न्यायक्षेत्र दिल्लीचं असलं तरी घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

खरा पास घेतानाही हिशेब मांडा. पासची किंमत भागिले एका दिवसाचं तिकीट, म्हणजे किमान किती खेपा हव्यात ते कळतं. पण दादरहून खोपोलीच्या पार्कापर्यंतचं पेट्रोल, एक्स्प्रेसवेचा टोल, लॉकर, वॉटर पार्कचा कॉस्च्युम आणि आतलं जेवण प्रत्येक खेपेला लागतंच. मुदत खरेदीपासून धरतात की पहिल्या भेटीपासून, हे आधी विचारा. जूनमध्ये घेतलेल्या पासचे पहिले महिने पावसातच जातात, आणि जोराच्या पावसात उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात.

पैसे गेलेच, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा. हाताशी यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी ठेवा. तासाभरात कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता राहते. बँकेलाही लगेच कळवा. मात्र स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक आपणहून भरून देत नाही. क्रेडिट कार्डावर गेले असतील तर लेखी डिस्प्यूट नोंदवा. आणि समोरच्याला ब्लॉक करण्याआधी अख्खी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.