हवालदाराच्या लेकीसाठी पीएम स्कॉलरशिप की सैनिक बोर्डाचं अनुदान?

बारावीचा निकाल लागला की पेन्शनवर आलेले फौजी फाईल काखेत मारून आमच्या ओट्यावर येतात. "ताई, पोरीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती भरू का शिक्षण अनुदान?" दोन्ही योजना माजी सैनिकांच्या मुलांसाठी, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या (माजी सैनिकांच्या कल्याणाचं काम बघणारं केंद्र सरकारचं मंडळ) आणि दोन्हींचे कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच पुढे जातात. मग गोंधळ होणारच.

आधी हुद्दा बघा. अनुदान फक्त हवालदार आणि त्याखालच्यांना, किंवा नौदल-हवाई दलातल्या त्यांच्या बरोबरीच्यांना, तेही दोनच मुलांसाठी. सुभेदार म्हणून निवृत्त झाला असाल तर शिष्यवृत्तीकडेच वळा.

मग कोर्स. शिष्यवृत्ती पहिल्या व्यावसायिक पदवीसाठी आहे: इंजिनिअरिंग, मेडिकल, बी.फार्म., बी.एड., बीसीए वगैरे. बारावीला किमान 60 टक्के हवेत. लेक बी.ए. करणार असेल तर हा विषय इथेच संपला, तिला अनुदानच. अनुदान पहिलीपासून पदवीपर्यंत चालतं.

पैशाचं गणित आता बदललंय. शिष्यवृत्तीत मुलीला महिना 3,000 आणि मुलाला 2,500 रुपये मिळतात. अनुदान पूर्वी महिना 1,000 होतं, 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना ते 2,000 झालं. म्हणजे चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला मुलीचे शिष्यवृत्तीतून 1,44,000 होतात, अनुदानातून 96,000. मुलाचे शिष्यवृत्तीतून 1,20,000. पूर्वी मुलीच्या बाबतीत तिपटीचा फरक होता, आता दीडपटीचा उरलाय. म्हणून अनुदानाला आता कमी लेखू नका.

शिष्यवृत्तीला चढाओढ आहे, हे मात्र लोक विसरतात. देशभरात वर्षाला 5,500 जागा, निम्म्या मुलींच्या. आधी शहीद जवानांची मुलं, मग कारवाईत किंवा सेवेत अपंगत्व आलेल्यांची, सेवेत मृत्यू झालेल्यांची, शौर्यपदक मिळवणाऱ्यांची. हा क्रम असाच असायला हवा, त्याबद्दल कुणाची तक्रार नसावी. आपण साधे माजी सैनिक शेवटच्या गटात, आणि तिथे टक्के बोलतात. 62 टक्केवाल्या पोरीच्या बापाला मी सांगते: अर्ज जरूर भरा, पण त्या पैशावर फीचा हिशोब मांडू नका.

शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो. ते वर्ष हुकलं की दार बंद. मिळाली तर पुढे दरवर्षी 50 टक्के टिकवावे लागतात. अनुदान तसं नाही. वर्ष पास झालं की त्या वर्षाचा अर्ज करायचा. मात्र राज्याकडून किंवा सध्याच्या नोकरीतून शिक्षणभत्ता घेत असाल तर ते मिळत नाही.

थोरली बी.फार्म.ला चांगल्या टक्क्यांनी गेलीय आणि धाकटा आठवीत आहे, अशा घरात माझं मत पक्कं आहे: थोरलीला शिष्यवृत्ती, धाकट्याला अनुदान.

आणि एक गोष्ट आजच करा. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, उघडा आणि मुलांची नावं वाचा. माझ्या वडिलांच्या बुकात माझं घरचं नाव लिहिलं होतं आणि जन्मतारीख दोन दिवसांनी चुकलेली होती. शाळेच्या दाखल्याशी ते जुळेना, अर्ज परत आला. सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या कुटुंबाची अधिकृत नोंद) दुरुस्त होऊन येईपर्यंत माझं पहिलं वर्ष संपलं होतं. पोरं दहावीत असतानाच हे काम उरकून घ्या.