गावी शेती सुरू करताय? ठाण्यात जांभळी नाक्याजवळचं हे बियाण्यांचं दुकान बघाच

घोडबंदरचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही सगळे मुरबाडला सासऱ्यांच्या जमिनीवर कायमचे राहायला गेलोय, त्याची बरीचशी खरेदी इथूनच केली. दुकानातले काका आधी विचारतात जमीन कशी आहे, पाणी किती टिकतं, मग बियाणं दाखवतात. आमची माळाकडची जमीन म्हणून हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात घ्या म्हणाले, कर्जत-3 हे वाण दिलं, पिशवीवरचा प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग दाखवला आणि टॅग आणि बिल दोन्ही पीक हातात येईपर्यंत जपून ठेवा असं बजावलं. पेरायच्या आधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ टाकून बी बुडवा, तरंगेल ते काढून टाका आणि खालचं धुऊन सावलीत सुकवा हेही त्यांनीच सांगितलं, ऑनलाइन मागवलं असतं तर हे कोण सांगणार होतं? भातानंतर त्याच ओलीवर वाल घ्या म्हणाले, तोही थोडाच दिला, जास्त गळ्यात मारला नाही. कोयता, विळे एकदम मस्त, फावड्याचा दांडा मात्र हलका वाटला. पार्किंगची बोंब आहे, सकाळी लवकर जा, मे संपता संपता उभं राहायला जागा नसते.