विंडोलँडा: गुडघाभर भिंती वर, नऊ किल्ले खाली

उत्तर इंग्लंडमधली हेड्रियनची भिंत, म्हणजे रोमन साम्राज्याच्या सीमेवरची भिंत, बघायला जाणारे आपल्याकडचे पर्यटक सहसा हाउसस्टेड्स हा तिच्यावरचा रोमन किल्ला गाठतात, भिंतीवर उभं राहून फोटो काढतात आणि परततात. विंडोलँडा हा दुसरा रोमन किल्ला भिंतीच्या दक्षिणेला दीडेक किलोमीटर आडबाजूला आहे, त्यामुळे त्याच्या वाट्याला उरलासुरला तासभर येतो. आमच्या मते हे नेमकं उलटं करावं. रोमन सीमेसाठी एकच दिवस असेल तर तो अख्खा विंडोलँडाला द्यावा. हाउसस्टेड्स दुसऱ्या दिवशी, नाही जमलं तर राहू द्यावं.

आधी अपेक्षा जाग्यावर आणू. वसईच्या किल्ल्यात छप्पर गेलं तरी चर्चच्या भिंती आभाळात उभ्या आहेत, तसं इथे काही नाही. इथे जोती आहेत. भिंती गुडघाभर, फार तर छातीभर. वेशीच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या, मधोमध सदर, शेजारी अंबारखाना, पलीकडे किल्लेदाराचा वाडा, सगळं जमिनीवर आखल्यासारखं दिसतं. गडांवर ट्रेक करणाऱ्यांना जोत्यांवरून वाडा ओळखायची सवय असतेच, त्यांना हे वाचता येईल. ज्यांना उभे बुरूज हवे आहेत त्यांची निराशा होते, आणि तासाभरात परत फिरणारे बहुधा हेच असतात.

खरी गोष्ट जमिनीखाली आहे. पहिला किल्ला इ.स. ८५च्या सुमाराचा, म्हणजे भिंतीचं काम सुरू झालं त्या इ.स. १२२च्या कितीतरी आधीचा. तो लाकडी होता. ओल्या जमिनीत पुरलेले खांब काही वर्षांत कुजायचे, शिवाय एक पलटण जाऊन दुसरी आली की जुनं पाडून नवं बांधायची. मुंबईत चाळ पाडून तिच्याच भरावावर नवी इमारत उठते तसाच प्रकार, फरक एवढाच की हे लोक पाडलेल्यावर चिकणमाती आणि गवताच्या ढेपांचा जाड थर घालायचे. त्या थरामुळे खालची हवा बंद झाली. ऑक्सिजन नाही म्हणजे कुजवणारे जिवाणू नाहीत. असे एकावर एक नऊ किल्ले इथे झाले. आज आपण ज्या दगडी जोत्यांमधून फिरतो ती मुख्यतः तिसऱ्या-चौथ्या शतकातली, सर्वांत वरची. लाकूड, चामडं, कापड, पत्रं हे सगळं चार-पाच मीटर खाली मिळालं आणि अजून मिळतंय.

म्हणून बघण्याचा क्रम महत्त्वाचा. बस आणि मोठा वाहनतळ पश्चिमेच्या फाटकाशी आहे. आत शिरल्यावर आधी किल्ल्याबाहेरची वस्ती लागते, मग किल्ला, आणि मग उतार उतरून ओढ्याकाठी संग्रहालय. बहुतेक जण याच क्रमाने जातात, संग्रहालयात पोचेपर्यंत दमतात आणि मग काचांवरून नजर फिरवून चहा प्यायला बसतात. सकाळी तिकीट काढल्यावर भिंतींपाशी न रेंगाळता सरळ खाली जा. संग्रहालयाला दोन तास द्या, तिथेच कॅफेत काहीतरी खा आणि मग सावकाश वर चढा. तोवर कुठल्या जोत्याखाली काय सापडलं हे डोक्यात पक्कं झालेलं असतं.

संग्रहालयात सगळ्यात आधी चपला-बूट. इथे ५,०००हून जास्त पादत्राणं निघाली आहेत. तळव्याला ठोकलेले खिळे, टाचेची झीज, वरच्या चामड्याची जाळीदार कातरणी, सगळं स्पष्ट दिसतं. लहान मुलांचे बूट मुद्दाम शोधा. साध्या शिपायाला तेव्हा कायद्याने लग्न करता येत नव्हतं, आणि तरी सैनिकांच्या बराकींतही मुलांचे जोडे मिळाले. छावणीत बायकापोरं राहत होती हे कुठल्याही शिलालेखापेक्षा हे जोडे ठामपणे सांगतात. २०१७मध्ये सापडलेले मुष्टियुद्धाचे चामडी हातमोजेही इथेच आहेत. लाकडी शौचासनाची फळी तर चुकवूच नका. बसून बसून तिच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

मग लाकडी पत्रं. १९७३मध्ये इथे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना पहिलं पत्र सापडलं. आज त्यांची संख्या दीड हजाराच्या वर आहे. पोस्टकार्डाएवढी, एक ते तीन मिलिमीटर जाडीची लाकडाची पातळ पापडी, त्यावर काजळीच्या शाईने लिहिलेलं. मूळ पत्रं बहुतांश लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, इथे थोडी ठेवली आहेत. ती खोली जवळजवळ अंधारी असते. आत शिरून लगेच बाहेर पडू नका, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. तरी अक्षरं फिकीच दिसतील, कारण ती नीट दिसतात ती इन्फ्रारेड छायाचित्रात. ती छायाचित्रं आणि भाषांतरं शेजारी लावलेली असतात, आधी ती वाचून मग मूळ पाहावं.

त्यातला एक हजेरीचा तक्ता कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. टुंग्रियन (आजच्या बेल्जियमकडच्या) लोकांच्या पहिल्या पलटणीचा एकूण पट ७५२. बाहेर गेलेले ४५६, त्यातले ३३७ एकट्या कोरियाच्या (आजच्या कॉरब्रिजच्या) ठाण्यावर. हजर २९६. त्यातले आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. कामाला उभे राहू शकणारे उरले २६५. साम्राज्याच्या टोकावरचा किल्ला म्हटल्यावर भरगच्च फौज डोळ्यांपुढे येते, प्रत्यक्षात ठाण्यावर हात किती होते ते या तक्त्यात दिसतं. दुसऱ्या एका पत्रात कोणीतरी मोजे, दोन जोड सपाता आणि दोन आतले कपडे पाठवल्याचं कळवतंय. तिसऱ्यात सैनिकांच्या खरेदीचा हिशेब आहे, त्यात एकाच्या नावापुढे मिरी, २ डिनारियस (रोमन चांदीची नाणी). ही मिरी हिंदुस्थानातून गेलेली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वाटाड्या पुस्तकात मलबारच्या मुझिरिस बंदरातली मिरी येते आणि त्याच पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेला असलेले आपले सोपारा आणि कल्याणही येतात. विरार लोकलने जाणाऱ्या माणसाला हा हिशेब वाचताना वेगळंच वाटेल.

वर चढल्यावर अंबारखान्यापाशी थांबा. फरशी जमिनीपासून उचललेली आहे, खालून हवा खेळावी आणि धान्याला ओल लागू नये म्हणून. बाहेरच्या वस्तीतल्या हमामात उलटी गंमत: तिथे फरशी छोट्या खांबांवर तोललेली आणि खालून गरम हवा फिरवलेली. २००९मध्ये सापडलेली ज्युपिटर डोलिकेनस या देवाची जागा थेट तटाच्या आत आहे, ही दुर्मीळ गोष्ट. तिथला वेदीचा दगड चौथ्या गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) पलटणीच्या प्रमुखाने वाहिलेला. दगडी आणि लाकडी तटाच्या प्रतिकृती मुलांना आवडतात, पण तिथे फार वेळ घालवू नये. त्यापेक्षा जुन्या रोमन रस्त्याच्या कडेला मूळ जागेवर उभा असलेला मैलाचा दगड बघा. पुष्कळ जण त्याच्या बाजूने निघून जातात.

उत्खनन एप्रिल ते सप्टेंबर चालतं, सोमवार ते शुक्रवार, पावसाने घोळ घातला नाही तर. म्हणून जायचं ते कामाच्या वारी. शनिवार-रविवारी खड्डे दिसतात, माणसं नसतात. खणणारे बहुतेक स्वयंसेवक, दोरीच्या अलीकडून विचारलं तर मोकळेपणाने सांगतात. खोल खड्ड्यात पाणी झिरपत राहतं, त्यामुळे पंप सतत चालू असतो. काळ्या थरात पोचले असतील तर नशीब समजा. जमिनीवर अंथरलेला नेच्याचा पाला निघतो तेव्हा हिरवट-पिवळा असतो आणि हवा लागताच तुमच्यासमोर काळपट पडतो. दोन हजार वर्षं झाकलेली वस्तू उघडी पडली की किती झपाट्याने बिघडते, आणि ती लगेच पाण्यात का ठेवतात, हे एवढ्यात कळतं. स्वतः खणायचं असेल तर नोंदणी आदल्या वर्षीच करावी लागते आणि जागा भराभर संपतात.

आता प्रवास. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून न्यूकॅसल साधारण तीन तास. तिथून कार्लाइलच्या गाडीने हेक्सम, बार्डन मिल किंवा हॉल्टव्हिसल. बार्डन मिल नकाशावर सर्वांत जवळ दिसतं, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत आणि पुढे तीनेक किलोमीटर चढ आहे. सामान, आईबाबा किंवा मुलं बरोबर असतील तर हेक्सम किंवा हॉल्टव्हिसलला उतरून एडी १२२ क्रमांकाची बस घ्यावी. क्रमांक भिंतीच्या सालावरून आहे, लक्षात राहतो. ही बस हंगामी आहे आणि फेऱ्या मोजक्या, तेव्हा परतीची वेळ सकाळीच लिहून घ्या. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो, त्यामुळे वेळ भरपूर आहे असं वाटतं. स्थळ मात्र संध्याकाळी बंद होतं. थंडीत काही आठवडे पूर्णच बंद असतं.

तिकिटात एक घोटाळा हमखास होतो. ऐतिहासिक स्थळं सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेचा पास भिंतीच्या परिसरातल्या हाउसस्टेड्स, चेस्टर्स, कॉरब्रिज आणि बर्डोस्वाल्डला चालतो, विंडोलँडाला चालत नाही. ही जागा १९७० पासूनच्या स्वतंत्र न्यासाची आहे. जोड तिकीट घेतलं तर कारव्होरानचं रोमन आर्मी म्युझियमही बघता येतं. त्याला लागून मॅग्ना किल्ला आहे, तिथे २०२३ पासून खणत आहेत, कारण हवामान बदलून तिथली दलदल सुकू लागली आणि खालचं जपलेलं सगळं धोक्यात आलं. २०२५मध्ये तिथे ३० सेंटिमीटरहून लांब बूट निघाले.

पावसाळी तयारी आपल्या हिशेबाने करू नका. तिथल्या माळावरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. टोपीचं विंडचीटर, पकड असलेले बूट आणि जूनमध्येसुद्धा एक स्वेटर हवाच, कारण किल्ल्यावर आडोसा जवळपास नाही. संग्रहालयाकडचा उतार गुडघे दुखणाऱ्यांना जड जातो, व्हीलचेअरवर असाल तर जाण्याआधी विचारून घ्या. कॅफेत सूप, सँडविच, केक अशा गोष्टी मिळतात. जैन किंवा कडक शाकाहारी असाल तर डबा बरोबर ठेवा, वाटेत टपऱ्या नाहीत.

उत्तरेला जाणं जमणारच नसेल तर लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमची ४९ क्रमांकाची खोली आहे, प्रवेश फुकट. क्लॉडिया सेवेरा या दुसऱ्या एका किल्लेदाराच्या बायकोने विंडोलँडाच्या सुल्पिसिया लेपिडिनाला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावल्याचं पत्र तिथेच. मुख्य मजकूर लेखनिकाचा, शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हाताच्या. हस्ताक्षर बदललेलं साध्या डोळ्यांनी दिसतं. दोन्ही होणार असेल तर आधी विंडोलँडा, मग ही खोली. लेपिडिना ज्या किल्लेदाराची बायको होती त्याच्या वाड्याची जमीन पाहून आलात की मग त्या चार ओळींसमोरून हलावंसं वाटत नाही.