सिस्टीमडी-कोअरडंप : आठ महिने वापरल्यानंतर

आमचा बिलिंगचा प्रोग्रॅम सी प्लस प्लसमधला, डेबियन ११ या लिनक्सवर चालणारा. महिन्याकाठी एकदा तरी तो सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत भलत्या जागी हात घातल्याची चूक) देऊन पडायचा आणि मागे काहीच पुरावा राहायचा नाही, कारण आमच्या सर्व्हरवर कोअर फाइलची, म्हणजे पडतानाच्या मेमरीच्या प्रतीची, मर्यादा शून्यच होती. सप्टेंबरात अशा प्रती (डंप) जपून ठेवणारं सिस्टीमडी-कोअरडंप हे पॅकेज टाकलं. आता मे उजाडला.

प्रोग्रॅम पडला की कर्नल (लिनक्सचा गाभा) आधी कोअर पॅटर्न ही सेटिंग पाहतो. त्याची सुरुवात पाइपच्या खुणेने (|) असेल, तर मेमरीचा सगळा ऐवज फाइलमध्ये न लिहिता पुढे दिलेल्या प्रोग्रॅमच्या हाती सोपवतो. पॅकेज ही ओळ आपणहून बसवतं. मग कोअरडंप-सीटीएल लिस्ट ही कमांड दिली की कोण, कधी, कोणत्या सिग्नलने (प्रोसेसला मिळणाऱ्या इशाऱ्याने) पडलं ते समोर. इथवर मी खूश होतो.

वसुबारसेच्या रात्री प्रोग्रॅम पडला. भाऊबीज उरकून मी कामावर आलो, तर यादीत नोंद होती आणि कोअर फाइलच्या रकान्यात 'मिसिंग'. सिस्टीमडीची टेम्प-फाइल्स ही आपोआप होणारी साफसफाई ३ दिवसांहून जुने डंप पुसून टाकते, हे मला तेव्हा कळलं. जर्नलमध्ये (सिस्टीमच्या लॉगमध्ये) स्टॅक ट्रेस, म्हणजे पडताना कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची यादी, उरला होता, पण व्हेरिएबलच्या किमती गेल्या. त्या दिवशी फार वाईट वाटलं. सेटिंगच्या ईटीसी फोल्डरमधल्या टेम्प-फाइल्स फोल्डरमध्ये, डंप साठतात त्या जागेसाठी वेगळी फाइल केली आणि २१ दिवस लिहिले. तिचं नाव वर्णक्रमाने मूळ सिस्टीमडी फाइलच्या आधी यायला हवं. मूळ फाइलच्याच नावाने केलीत तर तिच्यातल्या बाकीच्या ओळीही जातात.

जानेवारीत फाइल होती, पण 'ट्रंकेटेड', म्हणजे अर्धवट. आमची प्रोसेस ६ जीबीची, मर्यादा २ जीबीची. जीडीबी या डिबगरने उघडताच अपेक्षित आकार इतका, सापडला इतका, असं सांगितलं आणि निम्म्याहून जास्त पत्ते वाचताच येईनात. कोअरडंपच्या सेटिंगमधले प्रोसेस-साइझ-मॅक्स आणि एक्स्टर्नल-साइझ-मॅक्स दोन्ही १६ जीबी केले. पहिल्याने स्टॅक ट्रेस निघतो, दुसऱ्याने फाइल पूर्ण साठते. एकच वाढवून भागत नाही. सगळ्या डंपांची एकूण मर्यादा, मॅक्स-यूज, ४० जीबी, म्हणजे डिस्क भरायची धास्ती नको. काही रीस्टार्ट करावं लागत नाही, पुढच्या क्रॅशला नवी सेटिंग वाचली जाते.

फेब्रुवारीतला डंप पूर्ण मिळाला. स्टॅकच्या चौथ्या फ्रेममध्ये (एका फंक्शन-कॉलच्या नोंदीत) ग्राहकाच्या नोंदीचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) शून्य, आणि पुढच्याच ओळीत त्याचा जीएसटी क्रमांक वाचायला गेलेला कोड. सगळ्या थ्रेडचे (एकाच प्रोसेसमधल्या समांतर कामांचे) बॅकट्रेस, म्हणजे स्टॅक ट्रेस, काढले तर दुसरा थ्रेड तीच नोंद काढून टाकत होता. दीड वर्षाचं दुखणं त्या दुपारी सापडलं! त्याच बिल्डची डिबग सिंबॉल्स (पत्त्यांवरून फंक्शन-व्हेरिएबलची नावं सांगणारी माहिती) जपून ठेवली होती, म्हणूनच हे जमलं.

एक त्रास अजून आहे. डंप पूर्ण घेतला जाईपर्यंत मेलेली प्रोसेस सुटत नाही, त्यामुळे सर्व्हिस परत उठायला आमच्याकडे जवळपास मिनिट जातं. बिलिंगला ते चालतं. फोन कॉल हाताळणाऱ्या सर्व्हरवर मी अशी मोठी मर्यादा ठेवणार नाही. आणि डंपमध्ये ग्राहकांची नावं, पासवर्ड, सगळं उघडं असतं. तो मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका, कितीही घाई असली तरी.

नवा सर्व्हर उभा केला की मी आधी एक स्लीप (नुसता थांबून राहणारा प्रोग्रॅम) सोडतो, त्याला किल कमांडने सेगव्ही, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्टचा, सिग्नल देतो आणि यादीत 'प्रेझेंट' दिसेपर्यंत तिथून उठत नाही.