ऑटोक्रॉससाठी जुनी मिआटा घेताना: आधी डिफरन्शियल की ब्रेक?

अमेरिकेत हौशी ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मोकळ्या जागेत शंकू मांडून एकेका गाडीने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या स्पर्धेसाठी, पहिली गाडी शोधणाऱ्याला कोणीतरी माझदाची मिआटा ही छोटी स्पोर्ट्स कार, तीही जुनी, सुचवतेच, आणि मग प्रश्न उरतो तो १९९० ते १९९३ मधील १.६ लिटरची घ्यावी की १९९४ ते १९९७ मधील १.८ लिटरची. १९९४ मध्ये इंजिनाबरोबर पुढच्या डिस्कही सुमारे २३५ मिलिमीटरवरून २५५ मिलिमीटरच्या झाल्या, आणि डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या भागात, घट्ट द्रवावर चालणाऱ्या पर्यायी व्हिस्कस प्रकाराच्या जागी दातेरी चाकांवर चालणारे टॉर्सन आले. जाहिरातीत विक्रेता बहुधा ब्रेकचे कौतुक करतो. माझ्या मते मात्र पैसे डिफरन्शियलसाठी मोजावेत.

कारण साधे आहे. एक फेरी साधारण मिनिटभराची असते, वेगही क्वचितच ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी रांगेत उभी राहून थंड होते. एवढ्यात डिस्क तापून ब्रेक निकामी होण्याची वेळ येत नाही, आणि जेमतेम टनभर वजनाची ही गाडी थांबवताना लहान डिस्कच्या आधी टायरची पकड संपते. मोठे कॅलिपर लावल्याने चाकापाशी वजन तेवढे वाढते. शर्यतीचे म्हणून विकले जाणारे पॅड तर तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत, म्हणजे पहिल्याच वळणावर दगा देतात. थंड असतानाच पकडणारे चांगले रस्त्यावरचे पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल पुरते.

डिफरन्शियलचे तसे नाही. दुसऱ्या गिअरमध्ये शंकूला वळसा घालून ॲक्सिलरेटर दाबला की साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलच्या गाडीत आतले हलके झालेले मागचे चाक जागीच फिरू लागते, इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र ढिम्म; कारण बाहेरच्या चाकालाही तेवढाच जोर मिळतो जेवढा आतले चाक पेलू शकते. टॉर्सन त्याच्या काही पट जोर बाहेरच्या चाकाकडे देते, पण आतले चाक पूर्ण उचलले गेले तर शून्याची पट शून्यच; म्हणून पुढे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) लावून ते चाक जमिनीवर टेकलेले ठेवणे फायद्याचे. एकमेकींवर दाबलेल्या प्लेटांचे, म्हणजे क्लच पॅकचे डिफरन्शियल चाक हवेत असतानाही काम करते, पण त्याच्या प्लेट झिजतात. व्हिस्कस मुळात सौम्य, आणि इतक्या वर्षांनी बहुधा थकलेले.

नियमही हेच सांगतात. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या स्ट्रीट वर्गात, म्हणजे जवळपास मूळ अवस्थेतील गाड्यांच्या वर्गात, पॅड आणि एक अँटी-रोल बार बदलता येतो, डिफरन्शियल मात्र कारखान्यातून आले तेच ठेवावे लागते. वर्गाची फिकीर नसली तरी १.६ मध्ये १.८ चे डिफरन्शियल बसवताना मागचे ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्टही जुळवावे लागतात.

सगळ्याच १.८ गाड्यांत टॉर्सन नसते, त्यामुळे विक्रेत्याच्या अंगणातच खात्री करावी: मागची दोन्ही चाके उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि हँडब्रेक सोडून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे त्याच दिशेने फिरले तर टॉर्सन आहे. उलट फिरले तर ते ओपन समजावे, आणि पुढची घासाघीस त्या हिशेबाने करावी.