दोन फुटी टाकीवरचा ३६ वॅटचा एलईडी लाइट: पावसाळ्यानंतरचा अनुभव

पाणवनस्पती लावलेल्या माझ्या दोन फुटी अ‍ॅक्वेरियमच्या टाकीसाठी हा लाइट गेल्या हिवाळ्यात घेतला आणि उन्हाळा संपेपर्यंत विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तो घ्यायला सांगत होते. पावसाळ्यात मत बदलले. त्याला कारण लाइटचा प्रकाश नव्हे, तर वायरच्या मध्यभागी बसवलेला तीन बटणांचा कंट्रोलर. वीज क्षणभर जरी गेली तरी ठरवून दिलेली प्रखरता आणि वेळ हा कंट्रोलर पूर्णपणे विसरतो. वीज परतताच लाइट शंभर टक्क्यांवर सुरू होतो आणि कोणी हाताने बंद करेपर्यंत तसाच जळत राहतो.

प्रकाशाबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. आधीच्या ९ वॅटच्या क्लिपवाल्या लाइटखाली टाकी उजळ दिसत असे, तरी रोटाला या देठाच्या पाणवनस्पतीची पेरे लांबत जात आणि खालची पाने गळून नुसत्या काड्या उरत. खोक्यावर छापलेले लुमेन पाहून खरेदी करणाऱ्यांची येथेच फसगत होते, कारण ते माप माणसाच्या डोळ्याला काय प्रखर भासते यावर ठरलेले आहे आणि आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो. झाडे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील प्रकाश वापरतात आणि त्यातही लाल व निळा अधिक शोषतात. नव्या लाइटमध्ये पांढऱ्यासोबत लाल दिवेही पुरेसे आहेत. काही आठवड्यांतच रोटालाची पेरे आखूड झाली, शेंडे गुलाबी झाले आणि दुपारनंतर पानांवर ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे दिसू लागले. अनुबियास आणि जावा फर्न यांच्यात विशेष फरक पडला नाही. ती मुळात कमी प्रकाशाची झाडे, म्हणून ती लाकडाच्या सावलीत ठेवली आहेत.

माझ्या टाकीत झाडांना कार्बन पुरवणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. प्रकाश वाढला की झाडांची कार्बन आणि खतांची मागणीही वाढते, आणि ती पुरी झाली नाही तर उरलेल्या प्रकाशाचा लाभ शेवाळ घेते. मुंबईचे पाणी तलावांतून येते व ते मृदू असते, त्यामुळे त्यातून झाडांना कॅल्शियम-मॅग्नेशियम फारसे मिळत नाही. द्रवखत नियमित द्यावेच लागते. या सगळ्याचा मेळ घालून मी प्रखरता निम्म्यावर आणि वेळ सात तासांवर आणली, आणि टाकी उन्हाळ्यातही स्थिर राहिली. निम्म्यावरच भागते हे पाहता, सिलिंडर नसलेल्या दोन फुटी टाकीला २० ते २४ वॅटचा लाइट पुरेसा आहे आणि वरचे पैसे वाचवता येतात, असे आता माझे मत आहे. विजेच्या बिलाची चिंता मात्र नको. पूर्ण प्रखरतेने आठ तास लावला तरी महिन्याला साधारण नऊ युनिट होतात.

एवढी काळजीपूर्वक बसवलेली घडी तो कंट्रोलर एका झटक्यात मोडतो. मुलुंडला पावसाळ्यात वीज मधूनच जाऊन येते, बहुधा घरात कोणी नसताना. आम्ही सुट्टीला कोकणात असताना असेच झाले असावे, कारण परतलो तेव्हा भर रात्री लाइट पूर्ण प्रखरतेने चालू होता, अनुबियासच्या पानांवर हिरवे ठिपके घट्ट बसले होते आणि रोटालाच्या शेंड्यांवर धाग्यांचे शेवाळ पसरले होते. ते हाताने ओढून काढण्यात आणि पाणी बदलण्यात जवळजवळ सगळा श्रावण गेला. बाहेरून भिंतीवरचा टायमर लावावा तर तोही उपयोगाचा नाही, कारण टायमरने रोज वीज तोडली की रोज सकाळी लाइट शंभर टक्क्यांवरच सुरू होणार.

कंपनीच्या सेवा केंद्राचे उत्तर मला अजूनही पटलेले नाही. त्यांच्या मते लाइट लागतो आहे, म्हणजे दोष नाही, आणि म्हणून वॉरंटीत काही बसत नाही. मी दिवे बदलून मागितलेच नव्हते. प्रखरता लक्षात ठेवणारा कंट्रोलर विकत द्या, एवढेच म्हटले होते. तसा सुटा भाग ते ठेवत नाहीत. झाडांसाठी म्हणून विकलेल्या लाइटमध्ये प्रखरता टिकून राहणे ही चैन नव्हे, ती मूलभूत गरज आहे.

उपाय शेवटी मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर मिळाला. तेथे फिरवायच्या नॉबचा साधा डीसी डिमर, म्हणजे प्रखरता कमी-जास्त करणारे उपकरण, दोनशे रुपयांच्या आत मिळाले. नॉब जिथे ठेवाल तिथेच राहतो, त्यामुळे वीज गेली-आली तरी प्रखरता बदलत नाही. माझा अडॅप्टर २४ व्होल्टचा आहे, म्हणजे ३६ वॅटला दीड अँपिअर लागतात. डिमर ३ अँपिअरचा घेतला, म्हणजे तो तापत नाही. दोन्ही टोकांच्या पिना मूळ कंट्रोलरसारख्याच असल्याने वायर कापावी लागली नाही. आता वेळ भिंतीवरचा काट्याचा टायमर सांभाळतो. वीज गेली तेवढा वेळ तो मागे पडतो, पण काटा पुढे सरकवला की काम होते. स्टँडचे स्क्रू मात्र दमट हवेने गंजले आहेत, ते स्टीलचे घालून घ्यावेत.

हाच लाइट घेणार असाल तर दुकानात प्रखरता कमी करून प्लग काढायला सांगा आणि पुन्हा लावून पाहा. लाइट पूर्ण प्रखरतेने उजळला, तर डिमरचे दोनशे रुपये किमतीतून कमी करून मागा.