वाळवंटातला बंदोबस्त की कामाचा परवाना?

मेक्सिकोतून चोरवाटेने येणाऱ्या मजुरांना रोखण्यासाठी १९९४ मध्ये अमेरिकी सीमा गस्ती दलाने सान दिएगोसारख्या शहरांलगतचा बंदोबस्त कडक केला. उरलेला निर्जन प्रदेशच लोकांना परतवील, ही त्यामागची अपेक्षा होती. लोक परतले नाहीत. ते ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटाकडे वळले, जिथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि अनेक दिवसांच्या पायपिटीला पुरेल इतके पाणी माणसाला पाठीवर वाहून नेता येत नाही. १९९८ ते २०२० या काळात नैर्ऋत्य सीमेवरील ८,००० हून अधिक मृत्यू खुद्द त्या दलानेच नोंदवले. ज्यांची हाडेही सापडली नाहीत, ते या आकड्यात नाहीत.

दुसरा पर्याय परवान्याचा. १९४२ ते १९६४ दरम्यान ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकन शेतमजूर करारावर, उजळ माथ्याने येत. योजना निर्दोष मुळीच नव्हती: सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून कापलेली दहा टक्के रक्कम अनेकांच्या हाती पडलीच नाही. तरी बुडालेल्या मजुरीसाठी पुढे न्यायालयात दाद मागता आली. माझा कल परवान्याकडे आहे, मात्र मालक बदलण्याची मुभा मजुराला असेल तरच. ब्रासेरो करारात ती नव्हती.